भोगलेल्यांनी सांगितलं तेव्हा

पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पोचली तेव्हा डॉक्टरांकडे तिच्यावर गोळ्या होत्या. आठवड्याभरात मुलाचं अंग शांत होई, तो नीट जेवू लागे, घरच्यांच्या जिवात जीव येई. मग महिना उलटायच्या आत तोच मुलगा पुन्हा पुडी शोधत फिरताना दिसे. असं का होतं, याचं उत्तर दवाखान्यात मिळत नव्हतं. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांना लोक गर्दुल्ले म्हणत, आणि त्यांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नसे. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात अशीच काही माणसं उपचार करणाऱ्याच्या खुर्चीत बसली, आपण कसे कोसळलो ते मोकळेपणी सांगू लागली, आणि ते सांगणं उपचाराचाच भाग झालं. मनाच्या दुखण्यांवर काम करणाऱ्यानं स्वतःचं दुखणं उघड करावं का, हा प्रश्न आज मानसशास्त्राच्या वर्गांत चर्चेला येतो. आपल्याकडे त्याचं उत्तर आधी व्यसनमुक्ती केंद्रांच्या सतरंजीवर दिलं गेलं. डॉक्टर मंडळी त्या मानानं फार उशिरा बोलू लागली.

गर्दचं व्यसन एकाएकी का पसरलं, याची कारणं पुण्यापासून फार दूर होती. 1979 साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूच्या व्यापाराच्या जुन्या वाटा विस्कटल्या. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या पट्ट्यातलं हेरॉइन भारतातून बाहेर जाऊ लागलं आणि जाता जाता इथल्या शहरांतही विकलं जाऊ लागलं. इथं मिळे ते भेसळीचं, तपकिरी आणि स्वस्त. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा, एवढीच तयारी लागे. कॉलेजच्या मुलापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणालाही ते जमण्यासारखं होतं. संसदेनं 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. उपचारांची तरतूद त्यात कागदावर होती, पण प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

हेरॉइनला सरावलेल्या शरीराला ते मिळालं नाही की काही तासांतच नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागतं. हातपाय पिळवटतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मुलांच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्की सर्वांत तीव्र असते आणि साधारण आठवड्यात ओसरते. डॉक्टरांच्या औषधांचा उपयोग इथवर चांगला होतो. खरी अडचण पुढं येते. जुना मित्र भेटतो, ओळखीचा कोपरा दिसतो, घरी कुणी टोचून बोलतं, नाहीतर नुसतीच एक रिकामी दुपार समोर उभी राहते. त्या दुपारचं काय करायचं, हे ज्यानं अशी दुपार काढली आहे त्यालाच नेमकं सांगता येतं. व्यसनी माणूस खोटं कसं बोलतो, पैसे कुठे लपवतो, ‘आता सोडली’ असं शपथेवर सांगताना त्याच्या मनात काय चाललेलं असतं, हेही तोच ओळखतो.

पण अशा माणसाला उपचाराच्या खोलीत जागाच नव्हती. याचं कारण शोधताना मला 1912 हे वर्ष महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडनं मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरांसाठी सूचना लिहिल्या. डॉक्टरनं स्वतःबद्दल काही सांगू नये, रुग्णाला त्याच्यात फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसावं, असं त्यात होतं. आणि हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारनं ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ लागू केला. मनाचा आजार झालेल्या माणसाला कुणी, कुणाच्या हुकुमानं आणि कुठं ठेवायचं, हे तो कायदा ठरवत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण परिणाम मिळून झाला. एकीनं डॉक्टरला आपल्या आयुष्याबद्दल मौन पाळायला शिकवलं आणि दुसरीनं रुग्णाला भिंतीआड ठेवलं. एका बाजूला किल्ल्या आणि दुसऱ्या बाजूला कैदेतली माणसं, अशी वाटणी पुढं कितीतरी वर्षं टिकली. नवा मानसिक आरोग्य कायदा 1987 मध्ये मंजूर झाला आणि अमलात यायला 1993 उजाडलं. म्हणजे पुढं ज्या प्रयोगाबद्दल सांगायचं आहे तो सुरू झाला, तेव्हा देशात 1912 चाच कायदा चालू होता.

या वाटणीला पहिला मोठा तडा गेला तो अमेरिकेत, आणि तोही एका अपघातानंच. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात एका हॉटेलात उभा होता. धंद्याचा सौदा फिसकटला होता, दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि हॉटेलातला बार समोर दिसत होता. आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोललो तरच आपण यातून वाचू, असं त्याला वाटलं. त्यानं गावातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. ते गावातले शल्यविशारद होते आणि दारूपायी त्यांचा व्यवसाय बुडायला आला होता. पंधरा मिनिटं बसू, असं म्हणून सुरू झालेली ती भेट सहा तासांच्या वर लांबली. बिलनं उपदेश केला नाही, स्वतःचीच हकिगत सांगितली. डॉ. बॉब नंतर एकदा घसरले. 10 जूनला शस्त्रक्रियेआधी हात थरथरू नयेत म्हणून त्यांनी शेवटची बीअर घेतली आणि त्यानंतर कधीच नाही. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (ए.ए.) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

त्या जोडीत एक डॉक्टर होता, हे सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. आपल्याला काय झालं होतं हे डॉक्टरनं रुग्णाला सांगायचं आणि त्यातून दोघांनीही सावरायचं, याचा आधुनिक काळातला हा एक ठळक दाखला. मात्र ‘ए.ए.’नं एक पथ्य घालून दिलं. सभेत सारं सांगायचं, पण बाहेर नाव जाहीर करायचं नाही. त्या आडोशामुळं लाखो लोक बोलते झाले. पण त्याच आडोशामुळं एखाद्या नामवंत डॉक्टरनं उघडपणे ‘मीही यातून गेलो’ म्हटल्याचं चित्र लोकांपुढं आलं नाही.

भारतात 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ए.ए. आलं आणि मुंबईत रुजलं. सभा बहुधा चर्चच्या सभागृहांत होत आणि भाषा इंग्रजी असे. तिथूनच पुढचा टप्पा आला. फादर जो परेरा हे मुंबईतले कॅथलिक धर्मगुरू, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे योगशिष्य. ते स्वतः दारूच्या व्यसनात सापडले होते आणि ए.ए.च्या आधारानं बाहेर पडले. 1981 साली त्यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. सुरुवात अगदी मोजक्या व्यसनी मुलांना घेऊन झाली. धर्मगुरू म्हणजे इतरांच्या चुकांची कबुली ऐकणारा माणूस, आणि इथं तोच स्वतःची कबुली देऊन कामाला लागला होता. ती त्यांनी कधी लपवली नाही. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तोवर ‘कृपा’ची केंद्रं अनेक राज्यांत उभी राहिली होती. त्याच सुमारास चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या दारूपायी झालेल्या मृत्यूनंतर व्यसनमुक्तीचं रुग्णालय उभं केलं. तिथं सांगणारी पत्नी होती, इथं व्यसनातून गेलेला माणूस स्वतः. घरातलं दुःख चार लोकांपुढं मांडायला दोघांनाही सारखंच धैर्य लागलं असणार.

मराठीत मात्र हे सारं पुण्यात घडलं.

डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले, पण लेखन आणि सामाजिक कामाकडे वळले. घर चालवायचा भार सुनंदाबाईंनी उचलला होता, हे अनिल अवचटांनी अनेकदा लिहून ठेवलं आहे. त्यांच्या एका मित्राचा मुलगा गर्दच्या नादी लागला आणि हा प्रश्न थेट घरात आला. अवचट शहरातल्या गर्दच्या अड्ड्यांवर गेले, व्यसनी मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलले आणि महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी लेखमाला लिहिली. पुढं तिचंच ‘गर्द’ हे पुस्तक झालं. ती लेखमाला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या वाचनात आली. आपण यात काय करू शकतो, अशी विचारणा त्यांच्याकडून झाली. सुनंदाबाई केंद्र चालवायला तयार होत्या. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठाननं एक लाख रुपये दिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात पुलंच्या हस्ते ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

त्या जागेचा विचार करायला हवा. हे मनोरुग्णालय अडीच हजारांच्या आसपास खाटांचं, देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. त्याच्या आवारात, कुलपांच्या सान्निध्यात, सुनंदाबाईंनी कुलपं आणि गज नसलेलं केंद्र काढलं. रुग्णानं स्वतःच्या मर्जीनं थांबायचं होतं. झाडलोट, वाढपी काम, भांडी हे सगळं रुग्णांनी मिळून करायचं होतं. पाच आठवड्यांचा मुक्काम, योग, गटचर्चा, गाणं, चित्रं, घरच्यांच्या बैठका. ज्या रुग्णालयात पिढ्यान्‌पिढ्या एकानं किल्ली सांभाळायची आणि दुसऱ्यानं आत राहायचं, तिथं ती रीत मोडणं हे सरकारी नोकरीतल्या एका डॉक्टरबाईंचं केवढं तरी धाडस होतं. सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणत आणि अनिल अवचटांना ‘बाबा’.

त्यांचा सर्वांत दूरगामी निर्णय वेगळा होता. जे बरे झाले त्यांतल्या काहींना त्यांनी कामावर ठेवून घेतलं. आधी मदतनीस म्हणून, मग कार्यकर्ते म्हणून आणि पुढं समुपदेशक म्हणून. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे नेहमीचं झालं आहे, पण 1986-87 मध्ये ज्या मुलाला घरचे पाकीट उघडं ठेवून खोलीत एकटं सोडत नसत, त्याच्या हाती नव्या रुग्णांची जबाबदारी द्यायची, यावर विश्वास बसणं कठीण होतं. माझ्या मते इथंच इतिहास वळला. आपबीती सांगणं ए.ए.च्या सभेतही होतं, पण ती सभा संपली की माणूस घरी जाई. मुक्तांगणात ते सांगणं पगारपत्रकावर आलं. ज्या गोष्टीमुळं माणसाची नोकरी गेली, लग्न मोडलं, पत गेली, तीच आता त्याची कामाची पात्रता ठरली.

पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला टर्की होत असते. पायांत गोळे येतात, तो ओरडतो, ‘मला सोडा, तुम्हाला काय कळणार’ म्हणतो. त्याच्या खाटेपाशी बसलेला कार्यकर्ता म्हणतो, ‘कळतं रे. माझीही याच आवारात टर्की झाली.’ या एका वाक्यानं काय होतं, हे समजायला पुस्तकी सिद्धान्त लागत नाही. समोर बसलेला माणूस खोटं सांगत नाही, आपलं खोटंही त्याला पटणार नाही, आणि तरीही तो आज धडधाकट आहे, या तिन्ही गोष्टी मुलाला एकदम कळतात. डॉक्टर औषधाचं प्रमाण ठरवू शकतो, पण हा पुरावा त्याच्यापाशी नसतो.

हे पुण्यातच इतक्या सहज का रुजलं असावं? एक कारण सुनंदाबाई, यात शंका नाही. दुसरं कारण मला मराठी वाचकाच्या कानात सापडतं. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, 1987 मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. उपासमार, उष्टं अन्न, चोरी, पोलिसांचा मार, ज्याची लाज वाटायला हवी असं समाजानं सांगितलं होतं, ते या लेखकांनी पहिल्या पुरुषात, आपल्या नावानिशी लिहिलं. भोगलेल्या माणसाचं सांगणं हेही एक ज्ञान असतं, हे त्या दशकात मराठी मध्यमवर्गानं शिकून घेतलं, काहीशा अवघडलेपणानं का होईना. 1990 मध्ये सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या माणसाबद्दल इतकं स्वच्छ बोलता येतं, यानं लोक हादरले. मुक्तांगणला पहिली मदत करणाऱ्या घरातूनच ते पुस्तक यावं, हा निव्वळ योगायोग असेलही, पण हवा तीच होती. आणि याच्या किती आधी तुकोबांनी दुष्काळ, बुडालेला धंदा, अन्नावाचून गेलेली बायको हे सगळं आपल्या तोंडानं सांगितलं होतं! फडावर उभं राहून स्वतःचं पडणं सांगणाऱ्याचं ऐकायची सवय आपल्या समाजाला होती. दवाखान्यात मात्र असा बोलणारा माणूस कधी आला नव्हता.

पुढं सुनंदाबाईंना कर्करोग झाला. तो त्यांनी दडवला नाही आणि आजारपणातही मुक्तांगणचं काम सोडलं नाही. ज्या मुलांना त्यांनी ‘आजचा दिवस निभव’ असं शिकवलं होतं, ती मुलं आता आपल्या मॅडमना तेच करताना बघत होती. हा मनाचा आजार नव्हता, पण डॉक्टरनं आपलं दुखणं रुग्णांपासून लपवायचं नाही, हा पायंडा संस्थेच्या मुळाशीच पडला. फेब्रुवारी 1997 मध्ये त्या गेल्या. अनिल अवचटांनी त्यांच्या आजारपणाबद्दल आणि स्वतःच्या घाबरण्याबद्दल मोकळेपणी लिहिलं. मुलगी मुक्ता पुणतांबेकर या मानसशास्त्र शिकून संस्थेत आल्या आणि पुढं त्यांनी तिची धुरा सांभाळली. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट, नंतर व्यसनी स्त्रियांसाठी वेगळा विभाग, गावोगावच्या पाठपुराव्याच्या सभा असं काम वाढत गेलं. 27 जानेवारी 2022 ला अनिल अवचट गेले, तेव्हा शोक करणाऱ्यांत साहित्यातली माणसं होती तशीच एकेकाळी गर्द ओढणारी, आता केस पिकलेली माणसंही होती.

डॉक्टर मंडळी याच काळात काय करत होती? ठाण्याचे मानसोपचारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी मुक्तांगणच्या सुरुवातीच्या काळापासून या कामाशी जोडलेले. व्यसनावर त्यांनी ‘मुक्तिपत्रे’ लिहिलं, 1990 मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ काढली आणि ‘गद्धेपंचविशी’त आपल्या तरुणपणाची धडपड वाचकांपुढं ठेवली. असे लोक थोडे होते. एरवी मानसोपचाराच्या क्षेत्रात याबाबत शांतताच होती, आणि तिची कारणं कळण्यासारखी आहेत. रुग्ण येईनासे होतील ही भीती. सहकारी आपल्या निदानावर शंका घेतील ही दुसरी. आणि घरातल्या मुलामुलींच्या लग्नाची काळजी, जी आपल्या समाजात डॉक्टरलाही सुटलेली नाही.

जगातही हे मौन उशिराच सुटलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांनी 1995 मध्ये ‘ॲन अनक्वायट माइंड’ लिहिलं आणि ज्या बायपोलर आजारावर आपण संशोधन करतो तो आपल्यालाही आहे, हे सांगितलं. 2011 मध्ये मार्शा लिनेहान यांनी त्याहून अवघड गोष्ट उघड केली. स्वतःला इजा करणाऱ्या, पुन्हा पुन्हा मरणाच्या वाटेला जाणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती घडवली होती आणि ती जगभर वापरली जात होती. सतराव्या वर्षी कनेटिकटमधल्या ज्या रुग्णालयात आपण अशाच अवस्थेत दाखल होतो, तिथंच जाऊन त्यांनी ही हकिगत सांगितली. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती. नाव, पद, प्रतिष्ठा सारं हाताशी आल्यावरच त्यांना हे बोलता आलं, यात त्यांना दोष नाही. तोवर बोलणं किती महाग पडलं असतं, याचा तो पुरावा आहे. येरवड्यातल्या कार्यकर्त्याकडे मात्र गमावण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं, आणि म्हणून तो कितीतरी आधी बोलला.

पुण्यात आणखी एक धागा विणला जात होता, आणि तो ऐकायला जास्त जड होता. भार्गवी दावर यांनी आयआयटी मुंबईतून पीएच.डी. केली. मनोविश्लेषण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचं त्यांचं पुस्तक 1999 मध्ये आलं आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ स्थापन केला. बापू हे त्यांच्या आईचं नाव. आईला मनोरुग्णालयांत ठेवलं गेलं होतं आणि त्याची झळ भार्गवींच्या बालपणाला बसली होती. अभ्यासक असूनही त्यांनी ही गोष्ट प्रस्तावनेतल्या ऋणनिर्देशापुरती ठेवली नाही. आपण अशा संस्थांचा बालपणी अनुभव घेऊन वाचलेली व्यक्ती आहोत, ही त्यांनी स्वतःची जाहीर ओळख केली.

मुक्तांगणचा कार्यकर्ता सांगे, ‘मी आजारी होतो आणि इथं बरा झालो.’ ते ऐकून उपचार करणाऱ्यांना बळ येई. भार्गवी सांगत होत्या ते असं, की आमच्या घराला दुखापत झाली ती उपचाराच्या जागेतच. हे ऐकणं मानसोपचाराच्या व्यवसायाला सोपं नव्हतं आणि अनेक डॉक्टरांचं त्यांच्याशी पटलं नाही. पण 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एर्वाडी इथं लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा त्या जे सांगत होत्या ते साऱ्या देशाला दिसलं. भूल न देता विजेचे झटके देण्याविरुद्ध बापू ट्रस्टनं सातत्यानं आवाज उठवला. पुण्याच्या वस्त्यांत, लोकांच्या दारापर्यंत जाणारं मानसिक आरोग्याचं काम उभं केलं. 2007 मध्ये भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्यानंतर आशियातल्या अशाच अनुभवांतून गेलेल्या लोकांचं एक जाळं भार्गवींनी विणलं. 2024 मध्ये त्यांचं निधन झालं.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या साऱ्या बोलण्याचा ठसा आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे झटके द्यायला त्यानं मनाई केली. केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांवर, ज्यांना मनाचा आजार आहे किंवा होता अशा लोकांच्या प्रतिनिधींसाठी जागा ठेवल्या, घरच्यांसाठीही ठेवल्या. 1912 च्या कायद्यात ज्याला कुठं ठेवायचं एवढाच प्रश्न होता, तो माणूस आता निर्णय घेणाऱ्या टेबलाशी येऊन बसला.

मात्र प्रत्येक उघड सांगणं हितकारकच ठरतं, असं नाही. समुपदेशक स्वतः पुन्हा व्यसनाकडे वळला तर त्याच्यावर विसंबलेली दहा मुलं ढासळतात. ‘स्लिप’ या लहानशा शब्दामागं व्यसनमुक्ती केंद्रांचा हा सर्वांत मोठा धसका असतो. कधी सांगणाऱ्याची कहाणीच इतकी रंगते की समोरच्याची ऐकायला वेळ उरत नाही. ‘मी असा सुटलो, तूही तसाच सूट’ असा हट्ट धरला जातो, आणि ज्याला नैराश्य आहे, ज्याला औषधांची गरज आहे, त्याला इच्छाशक्तीचे धडे दिले जातात. म्हणूनच चांगल्या केंद्रांत अनुभवी माणसाला नंतर रीतसर प्रशिक्षण देतात, त्याच्या कामावर देखरेख ठेवतात, त्याच्या स्वतःच्या मनाची विचारपूस करणारं कुणीतरी नेमतात. पूर्वी व्यसनात अडकलेले आणि पुढं समुपदेशक झालेले तुषार नातू यांनी आपला सारा प्रवास घसरणींसकट पुस्तकात लिहिला. सुटकेपेक्षा त्या घसरणींमुळं ते पुस्तक मला खरं वाटतं.

स्वतःचं दुखणं सांगायचा हा प्रश्न आता पुढच्या पिढीपुढंही आहे. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात लवळ्याच्या डोंगरउतारावर आता विद्यापीठं आहेत. तिथं मानसशास्त्र शिकवलं जातं आणि मुलींसाठीचं एक वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे उद्याचे समुपदेशक आणि डॉक्टर मुळशीतही घडत आहेत. अशाच मुलामुलींच्या मनाची स्थिती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं 2024 मध्ये देशभर सर्वेक्षण करून मांडली. पदवीच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांत हे प्रमाण 15.3 टक्के होतं, पण आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे त्यांच्यात 31.2 टक्के निघाले.

कृती दलानं निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला 74 तासांच्या वर जाऊ नये, आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, ‘टेली-मानस’ची 14416 ही हेल्पलाइन या विद्यार्थ्यांपर्यंत नीट पोचावी, अशा शिफारशी केल्या. त्या कागदावर राहू नयेत यासाठी प्रत्येक महाविद्यालयात कुणीतरी हट्टानं पाठपुरावा करायला हवा. आज निवासी डॉक्टर असलेल्यांतून काही जण पाच-सात वर्षांत मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दवाखाने उघडतील. प्रश्नावलीत जे त्यांनी लिहिलं ते आपल्या विभागप्रमुखाला समोरासमोर सांगितलं, तरी त्यांच्या परीक्षेवर आणि नेमणुकीवर त्याची सावली पडणार नाही, एवढी हमी त्यांना लेखी मिळायला हवी, आणि ती ते शिकत असतानाच.